राहून गेलेली हाक

रंगनाथने बायकोचं नाव घेतलं ते फक्त लग्नात, उखाण्यातून, तेही बहिणींनी दार अडवलं म्हणून. पुढे उभ्या जन्मात कधी घेतलं नाही. जिंतूरकडच्या त्याच्या गावात कुणी घेतच नाही. आधी ‘अगं’, मुलगा झाल्यावर ‘शिवराजची आई’, एवढ्यावर संसार झाला. त्यातली बरीच वर्षं हा कतारमध्ये गाडी चालवत होता, म्हणजे संसार फोनवरच म्हणा.

ती कॅन्सरने अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. एकदा ती म्हणाली, “एकडाव नावानं हाक मारा की मला. बघा, मी ओ देते का न्हाई.”

कतारमधल्या अल वक्राच्या त्याच्या खोलीत आणखी पाच जण राहायचे. एक भाजी चिरत होता, बाकीचे कान टवकारून बसलेले. पन्नाशीचा बाप्या माणूस, पण लाजला. गावाकडं आल्यावर मारतो, म्हणाला. तो पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

दिवसकार्य उरकून तो कतारला परतला. तिथे तो ज्यांची गाडी चालवायचा त्या नमिताताई मूळच्या नाशिकच्या. एका शुक्रवारी सकाळी तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, कॅन्सरच्या पेशंटांसाठी मदत गोळा करायचा वॉक होता. आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत चालायचं. ताईंनी त्याचंही नाव दिलं. भाऊ, गाडी लावा आणि वहिनींसाठी चाला, म्हणाल्या. त्याला बरं वाटलं. तिच्यासाठी करायचं कितीतरी राहूनच गेलं होतं!

टेबलाशी सुरय्या नावाची हैदराबादची मुलगी पाठीवर लावायचे कागद लिहून देत होती. कुणाच्या आठवणीत, तिने विचारलं. शिवराजच्या आईच्या, रंगनाथने हिंदीत सांगितलं. त्यांचं नाव काय, तिने पुन्हा विचारलं. शिवराजची आई, हा पुन्हा तेच म्हणाला. मागे रांग वाढत होती. बिचारीने मिळालं ते एकच नाव लिहून टाकलं.

इंग्रजी अक्षरं त्याला लावून वाचता यायची. ‘शिवराजच्या आठवणीत.’ जिताजागता पोरगा, आणि बापाने त्याच्या नावाने असं चालायचं? त्याने तो कागद तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि चुरगाळला.

मग कोण, ती घाबरून म्हणाली.

“संजीवनी,” तो पुटपुटला. स्पीकरच्या गोंगाटात तिला काहीच ऐकू गेलं नाही. तिने कान पुढे केला.

तेव्हा मात्र बांधावरून मारावी तशी त्याने हाक मारली. “संजीवनी!”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सुरय्याने खाली मान घालून लिहिलं, कागद त्याच्या पाठीवर लावला. माणसं चालायला लागली. रंगनाथ जागचा हलेना. ताईंनी येऊन त्याचा दंड धरला, चला म्हणाल्या.

“जरा थांबा, ताई,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “ती ओ देते म्हणाली होती.”