तीन व्होल्टचा कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर एक आणि सल्लागार भरपूर असले की किस्से आपोआप साचतात. जळगावच्या धुळीसारखे! सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा हजर.

पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. सिव्हिलची डिग्री हातात आली आणि मी घरूनच बिल्डिंगची ड्रॉइंग करायचं ठरवलं. काम जड, आणि आमच्या भागातली वीज लहरी. म्हणजे मशीन इन्व्हर्टरवर तगणारं हवं. माझे काका, नाना, पैसे द्यायला तयार झाले, पण अट घालून. "उन्हाळा संपायच्या आत एक तरी काम पूर्ण कर. नाहीतर मशीन विकायचं आणि चाळीसगावच्या शाळेत मुकाट्यानं नोकरी धरायची."

मुकाट्यानं! मी आयुष्यात एक गोष्ट मुकाट्यानं केलेली नाही.

*

तेव्हा निवड दोन प्रोसेसरमध्ये होती. एक नवा पेंटियम, पाच व्होल्टचा, तव्यासारखा तापणारा. दुसरा जुन्या चारशे शहाऐंशीच्या घराण्यातला, पण तीन पॉइंट तीन व्होल्टवर चालणारा. वेग माझ्या कामापुरता, वीज कमी.

"तीन व्होल्ट?" नाना म्हणाले. "तेवढे तर माझ्या टॉर्चमध्ये असतात!"

*

खरेदीला धुळ्याला गेलो. दुकानदार माझ्याकडे बघेचना. मी विचारायची, तो उत्तर नानांना द्यायचा.

"भाऊ, ताईंना समजवा. गरम होतो म्हणजेच काम करतो!"

"मग इस्त्री द्या," मी म्हटलं. "ती याच्यापेक्षा जास्त काम करत असेल."

नाना रावेरकडचे केळीवाले. त्यांनी दुकानदाराचीच री ओढली. "विहिरीवर कमी एचपीची मोटर कधी बसवू नये. पाणी चढत नाही."

"नाना, मला पाणी चढवायचं नाहीये!"

परतीच्या एसटीत आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. मांडीवर थंड डोक्याचा प्रोसेसर, आणि माझं डोकं तापलेलं.

*

माझी आत्या, अक्का, धुळ्याकडच्या खेड्यात आयुष्य काढून आता आमच्याकडेच राहणारी. ती रोज सकाळी कॅबिनेटवर तळहात ठेवायची, लेकराचा ताप बघावा तशी.

"पोरी, थंडगार शे हाई! बिघडी गयं का?"

"अक्का, थंड आहे म्हणूनच चांगलं आहे."

अक्का विचारात पडायची. मग म्हणायची, "आमना घरमा थंडं माणूस कोनीच नई. मशीन तरी र्‍हावू दे."

*

एकदा नानांचे ट्रकवाले दोस्त आले. केळीच्या गाड्या दिल्लीला पाठवणारे. नानांनी तक्रार केली, "हिनं मुद्दाम बारका घेतला."

त्या दोस्तांपैकी एकानं मला विचारलं, "मायलेज किती देतो?"

अख्ख्या खानदेशात पहिल्यांदा कुणी योग्य प्रश्न विचारला होता. मी त्याला दोन कप चहा पाजला. नानांना अर्धा.

*

मे महिन्यात काम मिळालं. बोदवडच्या बौद्धवाड्यातल्या लोकांनी वर्गणी काढून सभागृह बांधायचं ठरवलं होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ड्रॉइंग पूर्ण करून फ्लॉपी धुळ्याला, मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरवर न्यायची होती. बस पाच वाजता. चुकली तर काम दुसऱ्याकडे जाणार, आणि मी चाळीसगावला.

दुपारी वीज गेली. बाहेर ऊन भाजून काढत होतं. घरात इन्व्हर्टरवर दोनच गोष्टी चालू होत्या, माझं मशीन आणि नानांच्या खोलीतला पंखा. नानांना महिन्यापूर्वीच हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: उकाड्यात ठेवू नका, आणि आधाराशिवाय उठू देऊ नका.

जिन्याचा भाग उरला असतानाच इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला. मी अक्कावर ओरडले, "बॅटरी संपत आलीये, कोणी मध्ये येऊ नका!" आणि भराभर रेषा मारत सुटले. आता बंद पडेल, आता पडेल. पडलं नाही. शेवटची मापं टाकली, फ्लॉपी काढली आणि सांगायला नानांच्या खोलीत धावले.

नाना पलंगावर बसलेले. बनियन भिजून अंगाला चिकटलेला. पंखा बंद.

"नाना! पंखा कुणी बंद केला?"

"आवाज करतो फार," नाना म्हणाले. "जा. बस चुकेल."

मी बटणाकडे पाहिलं. ते पलंगापासून चार पावलं दूर, समोरच्या भिंतीवर होतं.