कार्डावर एकच पाहुणा
चिखलोलीला मुलाच्या नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये जो गोडसर वास येतो, तोच विमानतळावरच्या त्या लाउंजच्या दारात होता. बायकोला उपचारासाठी चेन्नईला नेत होतो. मुलगा कंपनीच्या कामाला सारखा विमानानं फिरतो, म्हणून त्याला कार्ड मिळालेलं, आत फुकट बसायचं, खायचं. दारातली पोरगी म्हणाली, "सर, कार्डावर एकच गेस्ट." मुलगा हुज्जत घालायला लागला. मी म्हटलं, "आईला ने, तिला खाऊन गोळी घ्यायचीय. मी काय मरत नाय." मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं ही दारात आली, हातात इडलीची प्लेट. "आवो, आधी तुम्ही घास घ्या." लग्न झाल्यापासून माझ्याआधी कधी जेवली नाय ती. पोरगी आडवी आली, "आजी, खाणं बाहेर नाही नेता येत." मुलगा मागून वैतागला, "आई, खा ना, गोळी राहिलीय!" ही ढिम्म. शेवटी तोंडात काहीतरी टाकल्यासारखं केलं आणि नुसताच चावत राहिलो. "हे बघ, खातोय मी. खा आता." "खोटारडे कुठले," ती म्हणाली, पण तिथंच उभ्यानं तिनं घास घेतला. ती जाऊन आता वर्ष होईल. सून ताट वाढते, "बाबा, जेवा," म्हणून जाते. मी ताटाकडे बघत बसतो. मी जेवावं म्हणून समोर बसून खोटं चावणारं कोणी नाय.