हात वर केलेल्याकडे जायचं नाही

सुकलालला ऐकू येत नाही, हे सुरतेच्या डिंडोलीत त्याच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. सचिनच्या मैदानावर मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून तो जिवाचं रान करत होता.

आता हे मैदान म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कबड्डीचं नव्हे, क्रिकेटचं तर नव्हेच. सुरतेबाहेर सचिन नावाचं गाव आहे, त्याच्या वाटेवर डाईंगचा एक कारखाना कधीचा बंद पडलाय. त्याचं आवार तुषार नावाच्या तिशीतल्या गृहस्थाने भाड्याने घेतलं, आत जुने टायर, पिंपं आणि प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, आणि दर रविवारी तिथे शिकलीसवरली माणसं पैसे मोजून एकमेकांवर बंदुका झाडतात. खोट्या हो! एअरसॉफ्ट म्हणतात त्यांना. दिसायला अशा, की लांबून पाहिलं तर भल्याभल्यांना घाम फुटावा, आणि सुटते काय, तर हरभऱ्याएवढी प्लास्टिकची गोळी. अंगावर बसली तर चिमटा काढल्यासारखं होतं. डोळ्यात बसली तर डोळा जातो. म्हणून सगळे नियम त्या डोळ्याभोवती फिरतात.

तुषार हे नियम प्रत्येक टोळीसमोर उभा राहून सांगायचा. मास्क घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही, आणि आत गेल्यावर काही झालं तरी तो काढायचा नाही. अगदी जवळून मारायचं नाही. बंदुकीचा वेग यंत्रावर मोजल्याशिवाय ती आत न्यायची नाही. बाहेर आल्यावर नळीवर टोपी. आणि घरची बंदूक आणणाऱ्यांना खास दम: "परवाना लागत नाही म्हणून रस्त्यावर मिरवू नका. पिशवीत घालून आणा. पोलिसाला लांबून खरी-खोटी कळत नाही, तो आधी धरेल आणि मग विचारेल." गोळी लागली की हात वर करायचा, 'हिट' म्हणायचं आणि आपणहून बाजूला निघून जायचं. हात वर केलेल्यावर कुणी गोळी झाडायची नाही. आणि मास्क निसटलाच, तर चेहरा झाकून जागेवर बसायचं आणि ओरडायचं. ते ऐकून मार्शल, म्हणजे मैदानावरचा पंच, शिट्टी मारणार आणि खेळ थांबणार.

तो मार्शल म्हणजे आपला सुकलाल. वय साठीचं, अंगात भडक केशरी जाकीट, गळ्यात शिट्टी.

खान्देशातल्या पारोळ्याकडचा हा माणूस मिसरूड फुटायच्या आत सुरतेत आला आणि बमरोलीच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, शिरला. अख्खं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. ज्यांनी लूमखातं पाहिलं नाही त्यांना काय सांगावं! शेजारच्याच्या कानात तोंड घालून बोंब मारली तरी त्याला कळत नाही. मग कारीगर बोलायचे ओठांनी आणि हातांनी. दोन बोटांची चिमटी केली की धागा तुटला. डोक्यावर थाप मारली की शेठ आला. अंगठा ओठांना लावला की चहा. आणि हात वर केला की, ये, माझ्याकडे ये, एकट्याने होत नाही. हात वर दिसला की हातातलं टाकून जायचं, हा तिथला धर्म. सुकलाल आणि त्याचा जोडीदार हिलाल दिवसभर असे गप्पा हाणायचे, चावटपणा करायचे, भांडायचेसुद्धा, आणि तोंडातून शब्द नाही.

त्या खडखडाटाने हळूहळू त्याचे कान खाल्ले. पण खरं सांगू का, कान गेल्याचं त्याला खात्यात कधी कळलंच नाही. तिथे सगळेच बहिरे. कळलं ते लूम सुटल्यावर. हिलाल गावी निघून गेला. घरी बायको होती, अनुसया. ती त्याच खात्यात बॉबिनी भरायची, तिलाही ती हातांची बोली येत होती. ती समोर उभी राहून सावकाश बोलायची, नाहीतर हाताने सांगायची, आणि वर म्हणायची, "तुमले ऐकू येत नही ते बरंच शे, मनी कटकट वाचनी." ती गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. बोलणारं माणूस गेलं असं नव्हे हो, बोलीच गेली.

मुलगा ललित नाशिकला असतो. वाईट नाही पोरगा, फोन करतो. व्हिडिओ कॉल लावतो, पण सवयीने फोन कानाला धरतो, आणि सुकलालला इकडे पडद्यावर पोराचा नुसता कान दिसत राहतो. सुकलाल त्या कानाकडे बघत "हा, हा, बेस" म्हणत बसायचा. गल्लीतली माणसं आधी मोठ्याने बोलायची, मग थोडक्यात, मग नुसती मान हलवून पुढे जायची. त्यांचा तरी काय दोष? एकच वाक्य माणूस किती वेळा ओरडेल!

शेजारचा सुपडू तुषारचं सामान टेम्पोतून ने-आण करायचा. त्याने सुकलालला मैदानावर नेलं, पण कानाचं काही बोलला नाही. तुषार समोरासमोर बसून बोलला, सुकलालने त्याच्या ओठांवरून शब्द न शब्द उचलला आणि चटचट उत्तरं दिली. तुषार खूश. सुकलालने स्वतःची समजूत घातली, की अरे, इथे कानाचं काम आहेच कुठे? हात वर होतो तो डोळ्यांनी दिसतो, शिट्टी तर आपणच मारायची. ओरडण्याचा तो एक नियम त्याने मनातल्या मनात बाजूला सारला. इतके सगळे मास्क लावतात, कशाला निसटेल कुणाचा?

पहिल्या दिवशी त्याने जी फजिती करून घेतली! एका पोराला गोळी लागली, त्याने हात वर केला, आणि सुकलाल खात्यातल्या सवयीने गोळ्यांच्या माऱ्यातून धावत त्याच्यापाशी हजर. "काय व्हयनं?" तो पोरगा चक्रावलाच. पलीकडे आणखी एक हात वर झाला, हा तिकडे पळाला. मग तिसरा. लोक पोट धरून हसले. तुषारने त्याला बाहेर घेतलं, मास्क काढला आणि म्हणाला, "काका, हात वर केला म्हणजे तो खेळातून गेला. त्याच्याकडे जायचं नाही. त्याचा तो जाईल."

सुकलालला हे पचायला फार जड गेलं. माणूस हात वर करतो आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं? पण शिकला बिचारा. हात वर दिसला की त्याचे पाय आपोआप उचलले जायचे, ते तो दाबून धरायचा. काही रविवारांनी पाय उचलणंही बंद झालं.

आणि रविवार म्हणजे त्याला मिळालेलं सोनं होतं, यात शंका नाही. "काका, मला लागली का हो?" "काका, हा खोटं बोलतोय, तुम्ही सांगा." शब्द मास्कआड राहायचे, पण हातवाऱ्यांवरून त्याला सगळं कळायचं. त्याने बोट दाखवलं की इंजिनियर लोक मुकाट बाहेर जायचे. बाकीचा आठवडा कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, पण रविवारी त्याच्या डोळ्यांना किंमत होती. सोमवारी तो ते केशरी जाकीट धुवायचा, वाळवायचा, आणि शनिवारपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचा. एकटेपणा माणसाला किती थोडक्यात खूश करतो, बघा.

मग थंडीतल्या एका रविवारी कापड मार्केटमधल्या एका ऑफिसची टोळी आली. त्यांच्यात चंचल नावाची हिशेब लिहिणारी मुलगी होती. आईबाप आपले खान्देशी, ती मात्र मैत्रिणींशी गुजरातीत फाडफाड बोलणारी. खेळ रंगात आला होता. सुकलाल उभा होता तिथून हाकेच्या अंतरावर, प्लायवूडच्या भिंतीआड चंचल होती. तिच्या मास्कचा पट्टा मागून सुटला आणि मास्क खाली आला. तिने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. खाली बसली, एका हाताने चेहरा झाकला, घाबरून दुसरा हात वर केला आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

सुकलालला दिसली तिची पाठ आणि वर केलेला हात.

त्याच्या मनात आलं, हिला लागली. जाईल बाजूला. पण ती उठेना. त्याचा एक पाय पुढे पडला. खरंच पडला, तो नंतर शपथेवर सांगायचा. आणि लगेच तुषारचं बोलणं आठवून त्याने तो पाय मागे घेतला.

जवळच्यांनी ओरडणं ऐकून बंदुका खाली केल्या. लांब पिंपांमागे दोघं होते, त्यांना तिचा हात दिसला नाही, ते शिट्टी वाजली नाही म्हणून मारत राहिले. एक गोळी चंचलच्या बोटांच्या फटीतून शिरली. ती कलंडली तेव्हा सुकलालला तिचा उघडा चेहरा दिसला, आणि मग त्याने छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकली.

देवाची कृपा, गोळी भुवईच्या हाडावर बसली होती. रक्त आलं, डोळा सुजला, पण बुबुळ शाबूत. बाहेर शेडमध्ये तिला बसवलं, बर्फ लावला. तुषारने तिच्या डोळ्यासमोर बोटं धरली, ती किती ते तिने बरोबर सांगितलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"मी केवढी ओरडले!" चंचल रडत म्हणाली. "काका तर जवळच होते!"

"आम्हाला तिकडे ऐकू आलं," दुसरा कुणी म्हणाला.

सगळे सुकलालकडे वळले. शेडमध्ये मास्क काढलेले होते, त्याला प्रत्येकाचे ओठ दिसत होते. तुषार वाईट माणूस नव्हता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "वारा उलटा असेल, काका. हो ना? वाऱ्यामुळे नसेल आलं ऐकू."

वाट मोकळी करून दिली होती त्याने. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. रविवार वाचत होता, जाकीट वाचत होतं. सुकलालने चंचलच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं. पुढच्या वेळी हाड आडवं येईलच असं कुठे होतं?

"वारा कसला, भाई," तो म्हणाला. "माले ऐकू येत नही. वरीसं झाली. मी तुमले सांगं नही."

तुषारने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात फाटकापाशी पुढची टोळी येऊन थांबली, तसा तो मास्क चढवून मैदानात शिरला. सुकलाल मास्कची पिशवी उचलून मागोमाग गेला. आत थोडं चालल्यावर तुषार वळला, सुकलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलत राहिला. मैदानात मास्क काढायचा नाही, हा नियम त्याने स्वतः कधी मोडला नव्हता. सुकलालला जाळीच्या वर ओलसर डोळे तेवढे दिसले. बोलून झाल्यावर तुषारने खांदा दाबला.

सुकलालला भरून आलं. माफ केलं पोराने! "हो भाई," तो म्हणाला. "हो, हो." तुषारने दुसऱ्या एकाला शिट्टी दिली आणि सुकलालला घरी पाठवलं. आज दमलोय म्हणून पाठवलं, असं त्याला वाटलं.

तो आठवडा त्याचा फार चांगला गेला. छातीवरचा धोंडा उतरला होता, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. जाकीट धुऊन त्याने या वेळी इस्त्रीवाल्याकडेही दिलं.

रविवारी तो फाटकात पोचला, तर आत एक तगडा तरुण नवंकोरं जाकीट घालून शिट्टी वाजवून बघत होता. तुषार शेडमध्ये बंदुका मांडत होता. सुकलालला पाहून तो उठला. मास्क गळ्यात लटकत होता, चेहरा उघडा होता.

"काका, तुम्ही? मी गेल्या रविवारीच तुम्हाला..." इतकं म्हणून तो मध्येच थांबला. गळ्यातल्या मास्ककडे त्याचा हात गेला आणि चेहरा पांढरा पडला.

सुकलालने सगळं वाचलं, बोललेलंही आणि अडकलेलंही. हा पोरगा आता जन्मभर स्वतःला खात बसेल, हेही त्याला दिसलं.

"सांगितलं होतं ना भाई तुम्ही," तो हसून म्हणाला. "माले समजनं व्हतं सगळं. हे जाकीट द्यायला आलो."

त्याने पिशवीतून जाकीट काढून टेबलावर ठेवलं. पिशवीत खाली दिवसभराचा जेवणाचा डबा होता, तो वर आला. सुकलालने घाईने पिशवी मिटली, पण तुषारने डबा पाहिला होता. सुकलाल फाटकाकडे वळला.

डिंडोलीला खोलीवर येऊन त्याने डबा उघडला तेव्हा गल्लीत अजून सकाळचं पाणी भरणं चाललं होतं. भूक नव्हती. तरी त्याने भाकरी कुस्करली आणि जेवायला बसला, कारण रविवार अख्खा पडला होता आणि दुसरं करायला काही नव्हतं.