चांदा ते आलापल्ली: ब्रेक बसवायला, ब्रेकशिवाय

आलापल्लीच्या जंगलाकडे जायचंय, रस्ता कसा आहे, असं तुमच्यापैकी दोघातिघांनी विचारलंय. रस्ता चांगला आहे. पण माझं मत फार धरू नका. मी त्या रस्त्याने पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या गाडीला ब्रेक नव्हते, आणि ते बसवून घ्यायलाच आम्ही निघालो होतो. तेव्हापासून मला कुठलाही रस्ता चांगलाच वाटत आलाय.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातलं एक तहसिलीचं गाव होतं. माझे बाबा चांद्याला वकिली करत. निवृत्त होऊन मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या जंगल अधिकाऱ्याकडून त्यांनी काळी, कापडी टपाची मोटार घेतली होती. इंजिन खणखणीत. ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचे, गजांचे. पायाखालची पट्टी दाबली की लांब लोखंडी गज ओढले जायचे आणि चाकांना पकड बसायची, असं निदान त्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं. प्रत्यक्षात पुढचं डावं चाक आधी ऐकायचं आणि बाकीची तीन सवडीने. त्यामुळे पट्टी दाबली की गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे वळायची. बाबांनी त्यावरही तोड काढली होती. थांबायचं असलं की ते फर्लांगभर आधीपासून पट्टी दाबायला लागायचे.

एकदा गोल बाजारात तो फर्लांग मिळाला नाही. आई शेजारी बसली होती. ती "थांबा, थांबा" ओरडत होती, बाबा "थांबतोय, थांबतोय" म्हणत होते, आणि गाडी दोघांचंही न ऐकता डावीकडच्या वांग्यांच्या ढिगात शिरली. कोणाला काही लागलं नाही. आई उतरली, पदरातलं वांगं काढून भाजीवालीच्या हातात दिलं आणि घरापर्यंत चालत गेली. त्यानंतर दोन वर्षं ती गाडीत बसली नाही. बाबा कोर्टात गाडीने जायचे तेव्हा शेजारची जागा रिकामी असायची, आणि रस्त्यात कोणीतरी हमखास विचारायचंच, "काऊन वकीलसाहेब, बाई कुठी?" बाबांना ते फार लागायचं. ते घरी येऊन चहा न घेता वर्तमानपत्र वाचत बसायचे.

मग आलापल्लीहून मावशीचं पत्र आलं. मावशीचे यजमान तिथल्या लाकूड डेपोत कारकून होते. तिथे रामलू मिस्त्री नावाचा एक जण लाकडाच्या ट्रकांचं काम बघायचा. लढाईत तो मोटारींच्या तुकडीत होता, आणि लिलावात निघालेल्या एका मोडक्या लष्करी जीपचे तेलाचे ब्रेक त्याने काढून ठेवले होते. ते आमच्या गाडीला बसतील, असं तो म्हणत होता. पत्र ऐकून आईने निकाल दिला.

"न्या गाडी. मी मोटारबशीनं येतो. बिरेक लागले त वापस येताना गाडीत बसीन. नाई लागले, त मूलच्या लटारीभाऊले गाडी देऊन टाका."

लटारीभाऊ म्हणजे मूलच्या एका धानगिरणीचे मालक. आमच्या गाडीच्या इंजिनावर त्यांचा डोळा होता. ते काढून गिरणीला जोडायचं त्यांच्या मनात होतं. बाबांनी अट मान्य केली. वकील माणूस, पण त्या दिवशी एकही पोटकलम घातलं नाही.

निघालो पौषातल्या एका सकाळी. आई पुढे बसने, मागून बाबा आणि मी. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि माझ्याकडे एकच काम होतं: गाडी हळू झाली की मांडीवरचा दगड घेऊन उडी मारायची आणि तो चाकाखाली ठेवायचा. चांदा ते मूल अठ्ठावीस मैल. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं, खळ्यांवर मळणी चाललेली. मूलच्या बाजारात पोचलो तेव्हा बाबांनी गावाच्या अलीकडच्या नाल्यापासूनच पट्टी दाबायला सुरुवात केली, तरी आम्ही गिरणीच्या पुढे निघून गेलो. लटारीभाऊ मागून धावत आले. त्यांनी आम्हाला तांदळाची भाकर आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी खाऊ घातली. आजही हिवाळ्यात त्या बाजूला गेलात तर ती कोवळी भाजी सोडू नका. मग निघायला बाबांनी इंजिन चालू केलं, तेव्हा त्यांनी न विचारता त्यावरचं झाकण उघडलं.

"काय आवाज आहे जी," ते म्हणाले. "अशा गुणाच्या पोरीले तुमी रस्त्यानं फिरवून राह्यले."

"पोरगी द्यायची नाही अजून," बाबा म्हणाले.

"म्या कुठी घाई केली? वापस याल तवा बोलू."

खरी परीक्षा होती वैनगंगेची. तेव्हा तिथे पूल नव्हता. हिवाळ्यात पाणी उतरलं की वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून वाट करत आणि मधली धार डोंगे बांधलेल्या तराफ्यावरून ओलांडत. पण पाण्यापर्यंत जायला काठावरून एक उभा उतार होता आणि तो संपायचा तिथेच तराफा लागलेला. बसमधली माणसं उतरून पायी गेली होती. आई पलीकडच्या काठावर हातात पिशवी घेऊन उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

उताराच्या डोक्यावर बैलगाड्यांची रांग होती. तिथे एक मडावीभाऊ म्हणून गाडीवान होते, डोक्याला लाल पंचा, जंगलातून बांबू आणणारे. त्यांनी गाडीखाली वाकून गज हलवून पाहिले आणि विचारलं, "हे काय थांबवते जी?"

"डावीकडे वळवतं," बाबांनी खरं ते सांगितलं.

मडावीभाऊ दोर आणायला वळले. त्या उतारावर जड गाडी न्यायची असली की मागे ओंडका बांधायचा, तो जमिनीला घासत येतो आणि गाडीला ओढून धरतो, ही तिथली जुनी रीत. त्यांनी सागाचा एक बेडौल ओंडका दोराने आमच्या गाडीच्या मागे बांधला. बाबा सुकाणूवर, मी शेजारी दगड घेऊन. धुरळा इतका उडाला की आम्ही खाली कसे आलो ते मला दिसलंच नाही, पण तराफ्याच्या चार हात अलीकडे गाडी खरोखर थांबली. बाबा खूश झाले. पलीकडे पोचताच आईला म्हणाले, "बघितलंस? थांबली."

"लाकूड थांबलं," आई म्हणाली आणि बसकडे निघून गेली.

गडचिरोलीला रात्र एका ओळखीच्या मास्तरांकडे काढली. दुसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी आणि मग दाट साग. वेळ असेल तर चामोर्शीहून मार्कंड्याचं देऊळ बघून या, दगडावरचं काम डोळे दिपवणारं आहे. आम्ही बघितलं नाही, कारण फाट्यावर आम्हाला थांबता आलं नाही. पुढच्या जंगलात रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. बाबांनी भोंगा वाजवला, मी किंचाळले, आणि गवे बाजूला झाले. ओंडका मडावीभाऊंना परत दिल्याचा मला त्या वेळी फार पश्चात्ताप झाला.

आलापल्लीला पोचलो तेव्हा आई आधीच मावशीकडे होती. रामलू मिस्त्री मूळचा सिरोंच्याकडचा. बारीक, काळासावळा, कमी बोलणारा. आईला तो 'अम्मा' म्हणायचा आणि बाबांना काहीच म्हणायचा नाही. त्याने सागाच्या ठोकळ्यांवर गाडी चढवली, चारही चाकं काढली, गज उपसून कुंपणाला टेकवून ठेवले आणि जीपचा माल बसवायला घेतला. पायाखाली तेलाची नळकांडी, तिथून प्रत्येक चाकाकडे बारीक तांब्याची नळी. दाबलं की तेल चारही चाकांना एकाच वेळी सारखं ढकलतं, असं त्याने मला समजावलं. जीपच्या तबकड्यांची भोकं आमच्या गाडीला जुळेनात, तेव्हा डेपोच्या लोहाराकडून ती नव्याने पाडून आणली. यात तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी नळ्यांतली हवा काढायची होती. आत हवा राहिली तर पट्टी नुसती पोचट जाते. एकाने बसून पट्टी दाबून धरायची, मिस्त्रीने चाकापाशी स्क्रू सैल करून हवेचे बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच 'सोडा' म्हणायचं. बाबा बसले.

"दाबा," मिस्त्री म्हणाला. "धरा."

"किती वेळ धरायचं?" बाबांनी विचारलं आणि मान बाहेर काढली. मान बाहेर काढताना पाय वर आला. नळीने फुर्रकन सगळी हवा परत आत घेतली.

दुसऱ्या वेळी बाबांनी विचारलं, स्क्रू आधी का आवळायचा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, 'सोडा' म्हणण्याआधी सूचना द्यायला हवी. दुपारपर्यंत डब्यातलं बरंचसं तेल जमिनीत मुरलं आणि हवा होती तिथेच होती. डब्यात शेवटचं वीतभर तेल राहिलं. दुसरा डबा थेट नागपूरहून यायचा.

मिस्त्री उठला, हात पुसले आणि ओसरीत बसलेल्या आईकडे गेला. "अम्मा, तुमी बसा. साहेब कायदा बोलते."

"मी त्या गाडीत बसत नाई."

"अम्मा, चाकं नाईत. जाईल कुठी?"

आईने गाडीकडे पाहिलं. खरंच चाकं नव्हती. ती उठली, पदर खोचला आणि दोन वर्षांनी गाडीत जाऊन बसली, तीही बाबांच्या जागेवर. आमच्या घरी पायाचं शिवणयंत्र होतं आणि अर्ध्या गल्लीची पोलकी आई शिवायची. पायाखाली काय चाललंय ते तिला न बघता कळायचं. मिस्त्री 'दाबा' म्हणाला की ती दाबायची, 'सोडा' म्हणेपर्यंत डोळ्याची पापणी हलवायची नाही. तीन चाकं झाली. चौथ्याला मिस्त्री म्हणाला, "झालं."

"नाई झालं," आई म्हणाली. "अजून पोचट लागून राह्यलं. हाय थोडी हवा."

मिस्त्रीने पुन्हा स्क्रू सैल केला. एक शेवटचा, हरभऱ्याएवढा बुडबुडा बाहेर आला. मिस्त्रीने आईला हात जोडले.

चाकं चढवून बाबांनी गाडी डेपोत फिरवली. सवयीप्रमाणे ते पट्टीवर दोन्ही पायांनी उभे राहिले. गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या बाकावर मावशीने ठेवलेला मोहाच्या लाडवांचा डबा उडून पुढच्या काचेवर आला, आणि बाबांची टोपी बाहेर पडली. बाबांनी उतरून टोपी उचलली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी धुळीवर ढकललं.

परतीला आई दिलेल्या शब्दाप्रमाणे गाडीत बसली, पण मागे, आणि दाराची कडी हातात धरून. गडचिरोली ओलांडून आम्ही वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर आलो. या बाजूलाही तसाच उभा उतार होता. बाबांनी उताराच्या पन्नास हात आधी गाडी थांबवली. थांबली छान. मग ते उतरले आणि गाडीवानांकडे गेले. मडावीभाऊ त्या दिवशी याच काठावर होते. दोघांनी मिळून ओंडका उचलून आणलेला पाहून आई खाली उतरली.

"अवो, काय करून राह्यले?"

"खबरदारी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मला कळलं की दोन वर्षं आईपेक्षा जास्त घाबरत होते ते बाबाच. ते फक्त बोलत राहायचे.

"ते लाकूड ठेवा खाली," आई म्हणाली. "म्या सोता हवा काढली त्यातली. सरका तिकडं."

ती सुकाणूमागे बसली. गाडी चालवायचा तिला गंधही नव्हता, म्हणून बाबांनी शेजारी बसून गिअर मोकळा केला आणि सुकाणू धरलं. वळवणं बाबांकडे, थांबवणं आईकडे. मागे मी, सवयीने दगड मांडीवर घेऊन. गाडीवानांनी मागून ढकललं आणि गाडी उताराला लागली. दहा हात गेल्यावर आईने दाबलं, गाडी थांबली. सोडलं, चालली. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबवली तेव्हा मला वाटतं तिला नुसती मजा वाटत होती. तराफ्याच्या अलीकडे मडावीभाऊंनी काठीने वाळूत रेघ ओढली होती. आईने पुढची चाकं बरोबर रेघेवर उभी केली.

"बाई," मडावीभाऊ म्हणाले, "आमच्या बैलायलेबी बसवून द्या जी असे."

मूलला लटारीभाऊ गिरणीच्या दारात वाट बघत उभे होते. आता बाबा चालवत होते आणि आई त्यांच्या शेजारी बसली होती. गाडी लटारीभाऊंच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, शेजारच्या जागेकडे पाहिलं आणि आत चहा सांगितला. इंजिनाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी चांद्याला घरासमोर गाडी उभी राहिली. बाबा खूप दिवसांनी मोकळं हसले. "गेली ना आता गाडीची भीती?" त्यांनी विचारलं.

आई पिशवी काढत होती. ती थांबून म्हणाली, "मले गाडीचं भेव कधीच नव्हतं. म्या 'थांबा' म्हटलं तरी कोणी थांबत नाई, त्याचं भेव होतं."

बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

आता त्या नदीवर पूल आहे. आलापल्ली चांद्याहून अर्ध्या दिवसात होते, वाटेत चहाची हॉटेलं भरपूर आहेत, आणि उतार कुठे होता ते मला दाखवता येत नाही. ती गाडीही पुढे विकली गेली. पण त्या सहलीने आमच्या घरात एक बदल कायमचा केला. बाबांचा आवाज वाढत चालला, वाद रंगात आला, की आई स्वयंपाकघरातून एकदाच "थांबा" म्हणायची. आणि बाबा थांबायचे. जागच्या जागी, डावीकडे न वळता.