क्रांतीच्या तासाला बसणारी बाई

मी कल्याणच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्यातला ‘क्रांती आणि राजकीय असंतोष’ हा पेपर दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो, कारण दुसऱ्या कोणाला तो नको असतो. माणसं बंड का करतात, कधी करतात आणि बहुतेक वेळा का करत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत असंख्य वेळा सांगितलं. पण स्वतः एकाही मोर्चात कधी चालले नाही. आमच्या प्राध्यापकांचा संप झाला तेव्हा मी निवेदनावर सही केली आणि घरी येऊन भाजी निवडत बसले. मी अशी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

रविवारी सकाळी आमच्याकडे बाहेरून पदवी करणाऱ्यांचे तास असतात. गेल्या वर्षी त्या वर्गात एक बाई यायची. वय चाळिशीच्या आसपास. मानपाड्याजवळच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती आणि तिथून थोडं पुढे, एका चाळीत राहायची. लग्नामुळे शिक्षण सुटलेलं, मुलगी कॉलेजला गेल्यावर हिने पुन्हा सुरू केलं. पहिल्या बाकावर बसायची, आणि मी जे बोलेन ते सगळं लिहून घ्यायची, मधले विनोदसुद्धा.

एका रविवारी मी सांगत होते की माणूस सगळ्यांत जास्त हलाखीत असतो तेव्हाच बंड करतो असं नाही. परिस्थिती काही वर्षं सुधारत जाते, अपेक्षा वाढतात, आणि मग ती सुधारणा अचानक थांबते. तेव्हा राग उसळतो. मी फळ्यावर वर चढत जाऊन एकदम खाली कोसळणारी रेषा काढली.

तिने हात वर केला. “मॅडम, ही आमच्या चाळीची रेषा आहे.”

“कशी काय?”

“आमच्याकडे आधी नळच नव्हता. बोअरिंगवरून पाणी आणायचो, कोणी काय बोलायचं नाही. मग नळ आला. दोन वर्षं रोज पाणी. सासूने घरातलं मोठं पिंप देऊन टाकलं, म्हणाली आता कशाला जागा अडवायची. आता समोर टॉवर झालेत, आणि आमच्याकडे पाणी चार दिवसांनी, तेपण करंगळीएवढं. आता बायका असल्या चिडल्यात ना मॅडम. आधी कधी नव्हत्या चिडलेल्या.”

वर्ग हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, इतकं नेमकं उदाहरण मला आजवर एकाही पुस्तकात मिळालं नव्हतं.

पुढच्या तासाला विषय असा होता की राग सगळीकडे असतो, आंदोलन मात्र थोड्याच ठिकाणी उभं राहतं. त्याला नुसता राग पुरत नाही. वेळ लागतो, जमायला जागा लागते, निरोप पोचवणारी माणसं लागतात. तास संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, पण पाणी आलं तर ज्या बायका आल्या नाहीत त्यांनापण मिळणार. मग त्या कशाला येतील उन्हात बसायला?”

मी तिला सांगितलं की तिला पडलेल्या प्रश्नावर एक अख्खा सिद्धांत आहे, आणि तो थोडक्यात समजावला.

“मग उत्तर काय त्याचं?”

“पुस्तकात दोन-तीन उत्तरं आहेत. तुमच्या चाळीत कुठलं चालेल ते मला नाही सांगता येणार.”

तिने तेही लिहून घेतलं. चाळीत काय शिजतंय, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं टाळलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका बुधवारी दुपारी, मी कोपरच्या घरी पेपर तपासत बसले होते. फोन आला. तिची मुलगी होती.

“मॅडम, आईला पोलिसांनी नेलंय. अजून दहा जणी आहेत. त्या हंडे घेऊन शीळ रोडवर बसलेल्या. बाकीच्यांना काय विचारलं नाही, पण आईच्या पिशवीत वही सापडली. त्यात क्रांती वगैरे लिहिलंय. कोणी शिकवलं विचारतायत. आईने तुमचं नाव सांगितलंय.”

मी फोन ठेवला. आमचे हे शेजारच्या खुर्चीतच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “तू जाऊ नकोस. फोनवर बोल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत तुझ्या.”

ते काळजीनेच म्हणाले, आणि मला ते पटतही होतं. तरी मी साडी बदलली, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि रिक्षा केली. वाटेत मी एक वाक्य पाठ करत होते: ‘हे फक्त अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवलं.’ वाक्य खोटं नव्हतं. पण प्रत्येक वेळी म्हणताना ते मला थोडं थोडं नकोसं होत गेलं.

पोलीस ठाण्यात शिरल्या शिरल्या दिसले ते हंडे. रिकामे, भिंतीला लागून एका ओळीत मांडलेले. बाकड्यांवर बायका बसल्या होत्या, पदराने वारा घेत. मला बघून ती उठून उभी राहिली.

“सॉरी मॅडम. तुम्हाला यायला लागलं.”

तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण माझ्याइतकी नव्हती.

अधिकारी तरुण होता. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. टेबलावर तिची वही उघडी होती. वरच्या पानावर सुवाच्य अक्षरात पेपरचं नाव, आत चौकटी, बाण, आणि नावंच नावं. तिऱ्हाइताला तो एखादा कट वाटला असता. मलाही क्षणभर वाटला.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?”

“हो.”

“इथे लिहिलंय, ‘सत्तेत फट कधी पडते?’ याचा अर्थ काय घ्यायचा मी?”

मी चष्मा लावला आणि त्याखालची ओळ वाचली. “साहेब, वरच्या लोकांची ऐकायची तयारी असते तेव्हा आंदोलनं यशस्वी होतात, असा एक विचार आहे. तिने पुढे तिचं उदाहरण लिहिलंय. ‘वॉर्ड ऑफिसर नवीन आलाय, ऐकेल.’”

दाराशी उभी असलेली कॉन्स्टेबल बाई खाली बघून हसली. अधिकारी हसला नाही. त्याने पान उलटलं.

“मग हे सगळं परीक्षेपुरतं होतं, असं धरू मी?”

त्याने मला वाट करून दिली होती. माझं पाठ केलेलं वाक्य तिथे बरोबर बसलं असतं, आणि मी उठून घरी जाऊ शकले असते. मी बाकड्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, रविवारी वर्गात बघायची तशीच, पुढचं वाक्य लिहून घ्यायच्या तयारीत.

“परीक्षेसाठी शिकवलं,” मी म्हटलं, “पण ते खरं आहे म्हणून शिकवलं. तिने ते पाण्यासाठी वापरलं, त्यात मला काही चूक वाटत नाही. लपवण्यासारखं काही असतं तर तिने पेपरचं नाव घालून वही बरोबर आणली नसती. तुम्ही ही नावांची यादी पूर्ण वाचा, एवढीच विनंती आहे.”

त्याने वही स्वतःकडे ओढली आणि वाचू लागला; मीही समोरून उलटी अक्षरं लावत होते. कोणाच्या अंगणात जमायचं. निरोप कोणी कोणाला द्यायचा. मग ‘घरी राहणाऱ्या’ असा मथळा आणि खाली पाच-सहा नावं: ज्या येणार नाहीत त्यांनी येणाऱ्यांची मुलं शाळेतून आणायची, जेवू घालायची. तिथे माझी नजर थांबली. तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच काढलं होतं, आणि ते मला सुचलं नसतं.

अधिकारी शेवटच्या ओळीवर अडकला. ती त्याने मोठ्याने वाचली. “‘ॲम्ब्युलन्स आली तर दोघींनी उठून वाट करायची. बाकीच्यांनी हंडे उचलायचे.’” त्याने कॉन्स्टेबलकडे बघितलं. “आलेली का ॲम्ब्युलन्स?”

“आलेली साहेब. आम्ही पोचायच्या आधीच यांनी सोडली. ड्रायव्हरने हात केला यांना.”

त्याने वही मिटली आणि बाकड्यावरून तिला बोलावून तिच्या हातात दिली. “रस्ता अडवायचा नाही परत. अर्ज करा, ऑफिससमोर बसा, पण रस्ता नाही. समज देऊन सोडतोय. सह्या करा आणि हंडे घेऊन जा.”

सह्या व्हायला अर्धा तास गेला. बाहेर फाटकाशी आल्यावर एक म्हातारी बाई हंडा उपडा घालून त्यावरच बसली आणि हसायला लागली. मग सगळ्याच हसायला लागल्या. माझ्या विद्यार्थिनीने माझा दंड धरला आणि समोरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. मला इतकं हलकं वाटत होतं, की गरम चहा मी दोन घोटांत संपवला.

घरी आले तर ह्यांनी मुगाची खिचडी टाकून ठेवली होती. मी काय बोलले ते त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं केलंस.” मग ताटात तूप वाढलं. जेवून मी जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले.

चाळीतल्या बायकांचा अर्ज गेला, इंजिनियर येऊन पाहणी करून गेला, आणि महिन्याभराने त्यांच्या भागाचा वॉल्व्ह बदलला, पाणी सोडायची वेळही बदलली. दिवसाआड, पण भरपूर दाबाने. बातमी सांगायला ती स्टाफरूमपर्यंत आली.

“मॅडम, आमची क्रांती झाली म्हणायची का ही?”

“नाही,” मी म्हटलं. “क्रांतीत सत्ता बदलते. तुमचा वॉल्व्ह बदलला.”

“चालेल,” ती म्हणाली. “आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.”

त्यानंतर एका रविवारी ती तासाला आली नाही. पहिला बाक रिकामा बघून मला नको नको ते सुचू लागलं. पोलीस पुन्हा आले असतील, कोणी तिला धमकावलं असेल, कंपनीतून काढलं असेल. शिकवण्यात लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात जाऊन तिला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिने उचलला, मागे बादल्यांचा आवाज.

“सॉरी मॅडम, सांगायचं राहिलं. आज पाण्याची पाळी आहे ना. कपडे, भांडी, चादरी, सगळं काढलंय. सासूने नवीन पिंप घेतलंय, ते भरतेय.”

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि तिला म्हटलं, “भर तू सावकाश. आजचा धडा दुपारी माझ्या घरी येऊन घे.”