मी तपासलेलं सेवाकेंद्र

चहा घ्या, पण तोंडात घोट असताना हे ऐकू नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी माती खाल्ली, पण ताथवड्याच्या त्या सेवाकेंद्रात खाल्ली तशी कुठंच नाही. आणि गंमत बघा, मी तिथं गेले होते दुसऱ्यांच्या चुका काढायला.

त्याचं झालं असं. आमच्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठवायला-बसवायला माणूस हवं. घरात मुलगा दिलीप, तो चाकणला कंपनीत. सून भोसरीला. त्याची शिफ्ट सुटायच्या आधीच तिची लागायची. मधल्या वेळात आक्का एकट्या, कुलपाच्या आत. शेवटी दिलीपनं हे सेवाकेंद्र शोधून काढलं. "वृद्धाश्रम म्हणू नका हं काकी, केअर सेंटर म्हणा," असं मला बजावलंसुद्धा.

नाव बदलून काय होतंय? आक्कांनी अन्न सोडलं. मला बोलावून घेतलं आणि हात घट्ट धरून म्हणाल्या, "शेवंते, पोराच्या बोलण्यावर माझा भरवसा न्हाई. तू बघून ये. तू जा म्हणलीस तर जाईन. न्हाईतर हितंच, ह्याच खाटंवर पडून ऱ्हाईन."

आता आली का पंचाईत? म्हातारीचं पुढचं सगळं माझ्या एका शब्दावर!

शाळेची पायरी मी चढले नाही, पण बघण्याच्या कामात आमच्या भावकीत माझा हात धरणारं कोणी नाही. किती पोरींची स्थळं बघितली मी! माझी रीत ठरलेली. आधी कळवायचं नाही, ऐन जेवणाच्या वेळेला जायचं, आणि पाणी मागायच्या निमित्तानं थेट स्वयंपाकघरात शिरायचं. कळवून गेलं की पोहे मिळतात, खरं काय ते कळत नाही.

तशीच गेले. निगडीहून बस, पुढं रिक्षा. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "कुणाकडं, आजी?"

"आमच्या माणसासाठी आले," म्हटलं आणि त्याचं पुढचं ऐकायला थांबलेच नाही. दबकत गेलं की लोक अडवतात, पदर खोचून गेलं की वाट देतात.

व्हरांड्यात साहेब उभे होते. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खिशाला पेन, बूट असे की त्यात तोंड बघावं. आमच्या मालकांची सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात झाली. आम्हा बायकांना शर्टावरून माणसाचा हुद्दा कळतो. हा शर्ट साहेबाचाच!

"तपासणीला आलात का, मॅडम?"

मॅडम! जन्मात मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं हो! पाठ आपोआप ताठ झाली. "व्हय, तपासायलाच आले."

"मी मुलाणी. सेफ्टी माझ्याकडं असते. बाथरूमपासून सुरू करू. अपघात तिथंच होतात."

काय बोलला माणूस! आमच्या आक्का तिथंच तर पडल्या. मी तेव्हाच मनात म्हटलं, जागा बरी दिसते.

बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे होते. मी एकाला अख्खी लोंबकळले. "अजून जोर लावा," साहेब म्हणाले. दांडा जागचा हलला नाही, माझा खांदा मात्र दोन दिवस हलला नाही. संडासाशेजारी लाल दोरी होती. ओढली, तर बाहेर घंटा वाजली आणि निळ्या कपड्यातली एक पोरगी पळत आली. साहेबांनी घड्याळात बघितलं.

"वेळेत आलात. पण ओल्या फरशीवर पळायचं नाही."

"बरं साहेब," पोरगी हसून म्हणाली.

बघा, तीसुद्धा साहेब म्हणाली! मग मी कशाला शंका घेऊ?

स्वयंपाकघरात गेले, डाळ चाखली. खाटांपाशी गेले, चादरी उचलून बघितल्या, नाकानं वास घेतला. मग सगळ्यांच्या टाचा बघितल्या. पडून असलेल्या माणसाला वेळेवर कूस बदलून देतात की नाही, ते टाच खरं सांगते. एक आजीबाई ओरडल्या, "अगं ए, कोण तू? माझं पाय कशाला बघतीस?"

"बघू द्या," मुलाणी साहेब म्हणाले, "मॅडम मोठ्या ऑफिसातून आल्यात."

मीही नाही म्हटलं नाही.

तेवढ्यात बोलता बोलता साहेबांचं गाव निघालं. कुठलं म्हणता? देहूच्या अलीकडचं, माझ्या माहेरचं!

"अगं बया! विहिरीजवळची मुलाण्यांची घरं, ती तुमची?"

"तीच आमची."

झालं! माहेरचं कुत्रंसुद्धा बाईला गोड लागतं, हा तर जिताजागता साहेब. गावचा माणूस म्हणजे भाऊ, ही आमच्याकडची पद्धत. मग जात कुठली आणि धर्म कुठला! मी तिथल्या तिथं मॅडमची बहीण झाले.

आता भावाला अवघड प्रश्न विचारायला हरकत नव्हती. म्हटलं, "साहेब, एखादं म्हातारं विसरभोळं असतं. चालत बाहेर गेलं तर? बाहेर केवढाले कंटेनर धावत्यात!"

"अशक्य!" साहेब म्हणाले. "आमच्या गेटमधून पासाशिवाय माणूस जात नाही. चला, दाखवतो."

गेटवर गेलो. वॉचमन उठून उभा राहिला. "आजी, ह्यांना घेऊन निघालात? तुम्ही ह्यांच्या कोण?"

आता ह्या प्रश्नाला आमच्या गावची बाई दुसरं काय उत्तर देईल?

"बहीण!" मी ठणकावून सांगितलं. "सख्खी समज!"

वॉचमनचा चेहरा मोकळा झाला. "जा, पण लवकर या," म्हणाला आणि त्यानं गेट उघडलं. मला जरा नवल वाटलं. साहेबाला 'लवकर या' म्हणतो? पण हल्लीची पोरं, म्हटलं, बोलायची रीत नाही.

साहेबांनी आधी बाहेरून कुंपण बघितलं. मग सरळ रस्त्याला लागले, बसथांब्यावर जाऊन उभे राहिले.

"हितं काय तपासायचं?" मी विचारलं.

"बस येईल ना कंपनीची. सेकंड शिफ्ट आहे माझी."

आणि मी मूर्ख बाई कौतुक करते आहे! "ह्या वयात दोन दोन नोकऱ्या? धन्य हाय तुमची!"

साहेबांनी पुन्हा घड्याळात बघितलं. रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले, आणि नजर पार बदललेली. लहान लेकरासारखी.

"बाई, तुम्ही कुणाच्या? मला घरी सोडता का? डबा घरीच राहिला. आई वाट बघत असेल."

 सगळं एका क्षणात डोक्यात शिरलं. समोरून कंटेनर धडधडत आला, आणि ते एक पाऊल पुढं टाकायला लागले. मी दोन्ही हातांनी शर्ट धरला. असा धरला की बटण तुटलं. जीव गेला तरी सोडणार नव्हते.

तेवढ्यात मागून आरडाओरडा. पुढं सिस्टर, मागं ती निळ्या कपड्यातली पोरगी, आणि सगळ्यात मागं शिट्टी वाजवत वॉचमन. "हीच ती बाई! बहीण म्हणून घेऊन गेली!"

"अहो, त्यांना बहीणच नाही!" सिस्टर धापा टाकत म्हणाली. जेवणाआधीची गोळी द्यायला गेली, तर आजोबा जागेवर नाहीत. वॉचमननं बहिणीचं नाव काढलं मात्र, ती तशीच पळत सुटली होती. "कोण तुम्ही? कुठं घेऊन चालला होतात ह्यांना?"

मी अजून त्यांचा शर्ट घट्ट धरूनच उभी. पण साहेबांची मान पुन्हा ताठ झाली होती.

"मॅडमना बोलू नका," ते सिस्टरला म्हणाले. "बरोबर तेच तपासलं त्यांनी. माणूस बाहेर गेला. गेट नापास!"

"गेट न्हाई, साहेब," मी म्हटलं, "मी नापास."

नोकरीत ते खरंच सेफ्टीचे साहेब होते. आता विसरण्याचा आजार. तिथं सगळे त्यांना साहेबच म्हणतात, कारण त्यानं त्यांना बरं वाटतं. सिस्टरनं मला आत नेऊन पाणी पाजलं आणि मग असं सुनावलं, असं सुनावलं की माझ्या सासूनं कधी सुनावलं नव्हतं. दिलीपला कंपनीतून बोलावून घेतलं. तो शिफ्ट सोडून आला आणि सगळ्यांसमोर कपाळाला हात लावून बसला. "काकी, तुम्हाला जागा बघायला सांगितली होती. माणसं पळवायला नाही!"

घरी येऊन आक्कांना सगळं खरं सांगितलं. काही लपवलं नाही. वाटलं, आता ह्या काही जात नाहीत.

आक्का ऐकत होत्या. मग एकदम हसायला लागल्या. खुबा दुखतोय, डोळ्यांना पाणी येतंय, आणि हसतायत! हाड मोडल्यापासून पहिल्यांदा.

"त्या सिस्टरनं तुला पकडली?" त्या म्हणाल्या. "तुला? तुझ्या तोंडाला लागायला पाटील भितो, अन् तिनं तुला रस्त्यात गाठून झापलं? मग चांगली हाय जागा. मी जाते. आधी भाकरी वाढ."

आता आक्का तिथं आहेत. काठी धरून चालतातसुद्धा. मी दर आठवड्याला जाते. आत जायला मला कोणी अडवत नाही. बाहेर पडायचं म्हटलं की मात्र वॉचमन हात जोडतो, "आजी, घरचं माणूस आल्याशिवाय नाही." सिस्टरचा हुकूम आहे. दिलीपची शिफ्ट सुटेपर्यंत मी आपली आक्कांच्या खाटेवर बसून असते.

परवा तिथं एक बाई नव्यानं आल्या. संध्याकाळ झाली तरी मी बसलेलीच. त्यांना माझी दया आली. आक्कांना हळूच विचारलं, "ह्यांनाही विसरायचा आजार आहे का हो? एकट्या बाहेर सोडत नाहीत ते?"

"छ्या!" आक्का म्हणाल्या. "विसरत न्हाई ती काही. ती म्हाताऱ्यांना घेऊन पळून जाती."