आवाज बंद ठेवून पाहिलेले सामने

क्लबमध्ये तिला सगळे आकडेताई म्हणत. फुटबॉलच्या मैदानावर ती क्वचितच उतरे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून ती सामन्यांचे व्हिडिओ पाही. कोण किती धावली, कुणाचा पास कुठे चुकला, याचा सगळा हिशेब तिच्याकडे असे. प्रेक्षकांचा गोंगाट नको म्हणून आवाज बंदच ठेवी.

त्या वर्षी तिने कॅप्टनला वगळायचा सल्ला दिला. बचावात खेळणारी ती बाई आता सगळ्यांत कमी धावत होती. कोचने आढेवेढे घेतले, पण आकड्यांपुढे त्यांचं काही चालेना. तिच्या जागी आलेली मुलगी वाऱ्यासारखी पळायची, तरी संघ हरू लागला. बाकीच्या जुन्या खेळाडूंचेही आकडे घसरले. ते का, हे ताईला उमगेना.

कोच म्हणाले, एक सामना खाली बाकावर बसून बघा. ती बसली. मध्यंतरात गोलकीपर पाणी पिता पिता तिला म्हणाली, "पूर्वी कॅप्टन मागून सारखी ओरडायची. डावीकडे बघ, थांब, सोड. आता कुणीच बोलत नाही, ताई."

ताई कॅप्टनच्या घरी गेली आणि चूक कबूल केली. कॅप्टन कपडे वाळत घालत होती. "आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली, "पण मी दुसऱ्या क्लबला शब्द दिलाय."

मोसम संपल्यावर ताई थोरल्या भावाच्या नव्या कंपनीत गेली. घरी दुरुस्तीला कारागीर पाठवणारं त्यांचं ॲप होतं. लोक ते पुन्हा पुन्हा उघडत, म्हणून दादा खुशीत होता. "लोकांना चटक लागलीय," तो म्हणायचा. ताईने ग्राहकांना फोन करायचं ठरवलं, तेव्हा वहिनीला हसू आलं. ही बाई घरच्यांशीसुद्धा मोजकंच बोलायची.

फोनवर जवळपास सगळ्यांचं रडगाणं एकच होतं. नळ गळतोय, कारागीर कधी येणार ते कळत नाही, म्हणून सारखं उघडून बघतो.

ताईने हे सांगितल्यावर दादा दोन दिवस धुसफुसत राहिला. मग ॲपमध्ये कारागिराला थेट फोन लावायची सोय केली. ॲप उघडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, तक्रारी थांबल्या, गेलेले ग्राहक हळूहळू परतले. कंपनीत पैसे घालायला तयार झालेले एक गृहस्थ होते, त्यांना मात्र ॲप उघडण्याचा घसरलेला आलेखच दिसला. त्यांनी काढता पाय घेतला.

कंपनी लहानच राहिली, पण चालते. जेवताना त्या गृहस्थांचा विषय निघाला की दादा आजही ताटातून मान वर करत नाही.